आज किती पानं?

पहिल्या वर्षाला सी लँग्वेज शिकताना आपल्या सगळ्यांच्या डोक्यात प्रोग्रॅमची एक ठराविक मूर्ती बसते. 'मेन'पासून सुरुवात करायची, वरून खाली यायचं, मध्ये एखादा 'फॉर लूप' फिरवायचा, उत्तर छापायचं आणि संपायचं. अगदी सत्यनारायणाच्या पोथीसारखं! पहिला अध्याय, दुसरा अध्याय, पाचवा अध्याय आणि मग प्रसाद. गुरुजींना मध्येच थांबवून कुणी "आधी चौथा वाचा" असं म्हणत नाही. प्रोग्रॅमला काही हवं असेल तर तोच आपल्याला विचारतो, "एंटर अ नंबर", आणि आपण मुकाट्याने नंबर देतो. हुकूम त्याचा, पाळणारे आपण.

वेब पेजचा प्रोग्रॅम मात्र अगदी उलट्या स्वभावाचा असतो. तो सगळी तयारी करून ठेवतो आणि गप्प बसतो. तुम्ही कुठलं बटण दाबाल, आधी नाव लिहाल की आधी तारीख निवडाल, की पेज तसंच उघडं टाकून चहाला निघून जाल, त्याला काहीच माहीत नसतं. तुम्ही काही केलंत की तेवढ्यापुरता तो जागा होतो, काम करतो आणि पुन्हा वाट बघत बसतो. याला म्हणतात 'इव्हेंट-ड्रिव्हन' प्रोग्रॅमिंग. मराठीत 'घटनाचालित' म्हणता येईल, पण त्या शब्दाने सरकारी जीआर वाचल्यासारखं वाटतं, म्हणून आपण इव्हेंटच म्हणू. आधीच मी कॉन्व्हेंटवाली, त्यात मराठी विभागात लिहितेय. जास्त अंगाशी यायला नको!

व्याख्या पुस्तकात छापलेली आहेच. पण इव्हेंट म्हणजे नेमकं काय आणि तो हरवला तर काय होतं, हे मला कळलं ते आमच्या मेसमधल्या खाड्यांमुळे.

होस्टेलवाल्यांना खाडा म्हणजे काय हे सांगायला नको, पण डे-स्कॉलर मंडळींसाठी सांगते. आपण गावाला गेलो किंवा बाहेर जेवणार असलो, तर मेसमध्ये आधी सांगायचं. मग त्या वेळचे पैसे महिन्याच्या बिलातून वजा होतात. हा झाला खाडा. आमच्या मेसच्या मावशींकडे त्याची एक लांबलचक वही असते. आमच्याकडे मात्र कुणाच्या मोबाईलमध्ये, कुणाच्या जर्नलच्या मागच्या पानावर आणि बऱ्याच जणींच्या नुसत्याच डोक्यात हिशोब असतो. महिनाअखेरीला हे दोन हिशोब समोरासमोर येतात. पुढचं तुम्हाला माहीतच आहे!

मागच्या वर्षी आमच्या मजल्यावरच्या फर्स्ट इयरच्या एका मुलीचं असंच झालं. आई आजारी म्हणून ती सहा दिवस गावी जाऊन आली. दिवसाला ९० रुपयांप्रमाणे ५४० रुपये वजा व्हायला हवे होते. मावशींच्या वहीत एकही खाडा नव्हता. ती म्हणाली, "मी सांगितलं होतं हो, वाढणाऱ्या ताईंना." मावशी म्हणाल्या, "माझ्या कानावर आलं असतं तर मी मांडलं असतं ना गं?" वाढणाऱ्या ताईंना तर त्या दिवशी कोण काय बोललं ते आठवतच नव्हतं. रांगेत दीडशे मुली, हातात आमटीचं पातेलं, त्यांनी तरी काय काय लक्षात ठेवायचं? शेवटी रेक्टर मॅडमनी तोडगा काढला, "तीन खाडे धरा." अर्धे तिचे, अर्धे मावशींचे. कुणीच खोटं बोलत नव्हतं आणि तरी दोघींनाही आपण फसलो असं वाटलं. २७० रुपये ही आपल्यापैकी काही जणांसाठी एका पिझ्झाची गोष्ट असेल. तिच्यासाठी ती एसटीने घरी जाऊन यायची गोष्ट होती. मावशींच्या बाजूने पाहिलं तर सहा दिवस दोन्ही वेळा तिच्या नावाचं अन्न शिजलं आणि कुणी खाल्लं नाही.

मी त्या दिवसांत सबमिशनसाठी जावास्क्रिप्ट वाचत होते, त्यामुळे मला हे सगळं वेगळ्याच भाषेत ऐकू यायला लागलं. तिने सांगितलं, म्हणजे इव्हेंट घडला. पण त्या क्षणी त्या इव्हेंटला 'लिसनर' नव्हता. ब्राउझरमध्येही हुबेहूब असंच होतं. एखाद्या बटणाला लिसनर लावलेला नसेल तर तुम्ही ते शंभर वेळा दाबा. क्लिक खरोखर घडतं, पण काही होत नाही. एररसुद्धा येत नाही! दाबणाऱ्याला वाटतं मी दाबलं, पेजला वाटतं काही झालंच नाही, आणि दोघंही आपापल्या जागी बरोबर असतात.

म्हणून ठरवलं की खाड्यांचं पेज करायचं. "व्हॉट्सअॅप ग्रुप काढ की," असा सल्ला लगेच मिळालाच. पण ग्रुपवर खाडा टाकला की त्यावर दहा गुड मॉर्निंग, दोन वाढदिवस आणि एक हरवलेली बादली येऊन बसते. मावशींचे हात सकाळी कणकेत असतात, त्यांनी वर सरकवत सरकवत खाडे शोधायचे का? त्यांचा रोजचा प्रश्न एकच असतो, "आज किती पानं?" म्हणजे किती जणींचा स्वयंपाक? त्यांना मेसेज नको असतात, एक आकडा हवा असतो.

आता पेज कसं आहे ते सांगते. सगळ्यात वर मोठ्ठ्या अक्षरात आकडा, 'आज रात्री १५७ पानं'. त्याखाली खोल्यांची यादी. आपली खोली दाबली की तिघींची नावं, आणि प्रत्येक नावापुढे दोन बटणं, 'दुपार' आणि 'रात्र'. बटण दाबलं की ते लाल होतं, वरचा आकडा एकाने उतरतो आणि त्या मुलीच्या महिन्याच्या हिशोबात तारीख-वेळेसकट खाडा लागतो. चुकून दाबलं तर पुन्हा दाबायचं, खाडा रद्द. बस, एवढंच. पण या 'एवढंच'मध्ये आपल्या सिलॅबसमधला बराच मोठा भाग येऊन जातो.

पहिली गोष्ट, लिसनर लावणं. आपण ब्राउझरला सांगतो, "या बटणावर क्लिक झालं की हे फंक्शन चालव." इथे फंक्शन आपण चालवत नाही, फक्त त्याचं नाव देऊन ठेवतो. लॅबमध्ये याच ठिकाणी निम्मी बॅच अडकते. नावापुढे कंस लावला तर फंक्शन तिथल्या तिथे चालतं, न लावता दिलं तर नुसता निरोप पोचतो. घरातून निघताना शेजारच्या काकूंना "गॅसवाला आला तर सिलिंडर घ्या" असं सांगून जाणं वेगळं आणि गॅसवाला यायच्या आत त्यांना दारात उभं करणं वेगळं. कंस लावणं म्हणजे काकूंना आत्ताच दारात उभं करणं! मग पेज उघडल्या उघडल्या सगळ्यांचे खाडे लागतात आणि नंतर बटण दाबल्यावर काहीच होत नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे रांग. जावास्क्रिप्टमध्ये एका पेजचं काम करणारा हात साधारणपणे एकच असतो. आपल्या मेसच्या खिडकीवर वाढायला एकच ताई असतात, तसं. क्लिक आलं, रांगेत उभं राहिलं. एक काम पूर्ण झाल्याशिवाय दुसऱ्याला हात लागत नाही. याचा फायदा असा की दोन खाडे एकमेकांच्या अंगावर पडत नाहीत. तोटा असा की एखादं काम लांबलं तर अख्खं पेज गोठतं. एक मुलगी खिडकीशी "भाजीत बटाटेच का जास्त?" यावर चर्चा करत उभी राहिली की मागची रांग जशी गोठते तशी. म्हणून इव्हेंटला उत्तर देणारं फंक्शन लहान असावं. यावं, काम करावं, बाजूला व्हावं.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात जास्त आवडते, तिला 'बबलिंग' म्हणतात. तुम्ही 'रात्र' बटण दाबता तेव्हा तो इव्हेंट फक्त बटणाचा राहत नाही. पाण्यातल्या बुडबुड्यासारखा तो वर चढतो. बटणाकडून नावाच्या ओळीकडे, तिथून खोलीकडे, तिथून सगळ्या यादीकडे. आपली तक्रार रूममेटकडून मजल्याच्या प्रतिनिधीकडे आणि तिथून रेक्टर मॅडमकडे जाते तशी. त्यामुळे १८० मुलींच्या ३६० बटणांना ३६० कान लावत बसायची गरज नाही. वर यादीला एकच कान लावला तरी पुरतं, कारण आपण मूळ कुठून निघालो हे इव्हेंट सोबत घेऊनच येतो. याचाही एक इतिहास आहे. सुरुवातीला नेटस्केपच्या ब्राउझरमध्ये इव्हेंट वरून खाली यायचा आणि मायक्रोसॉफ्टच्या ब्राउझरमध्ये खालून वर जायचा. २००० साली डब्ल्यूथ्रीसी या संस्थेने प्रमाण ठरवलं तेव्हा दोन्ही ठेवलं, आधी खाली उतरायचं आणि मग वर चढायचं. आमच्या रेक्टर मॅडमच्या तीन खाड्यांपेक्षा हा तोडगा बरा निघाला, कारण यात दोघांचंही पूर्ण ठेवलं.

इतिहासाचा विषय निघालाच आहे तर आणखी एक गंमत. इव्हेंट आणि कंपोनंट या दोन्ही कल्पना आपल्याला अगदी कालच्या वाटतात. पण १९६८ च्या ऑक्टोबरमध्ये जर्मनीतल्या गार्मिश गावी सॉफ्टवेअर इंजिनिअरिंगवर नाटोने भरवलेली एक प्रसिद्ध परिषद झाली. तिथे डग मॅकइलरॉय यांनी मांडलं की बाकीच्या उद्योगांत जसे तयार सुटे भाग मिळतात तसे सॉफ्टवेअरचेही मिळायला हवेत. आणि त्यानंतर दोनच महिन्यांनी, ९ डिसेंबर १९६८ ला, सॅन फ्रान्सिस्कोमध्ये डग्लस एंगेलबार्ट यांनी लोकांसमोर माउस चालवून दाखवला. म्हणजे सुटे भाग आणि क्लिक, दोन्ही एकाच वर्षातले! जावास्क्रिप्ट मात्र बरीच उशिरा आली. नेटस्केपमध्ये ब्रेंडन आइक यांनी मे १९९५ मध्ये तिचा पहिला नमुना दहा दिवसांत उभा केला. आपल्याकडे दहा दिवसांत जर्नलसुद्धा पूर्ण होत नाही. असो.

आता कंपोनंटकडे वळू. कंपोनंट म्हणजे पेजचा एक सुटा भाग, ज्याचं दिसणं आणि वागणं त्याच्या स्वतःजवळ असतं. माझ्या पेजवर 'खाडा-बटण' हा एक कंपोनंट आहे. तो एकदाच लिहिला. मग त्याला बाहेरून सांगायचं की तू अमक्या मुलीचा, अमक्या वेळेचा. एकाच साच्यातून मोदक काढावेत तसं. साचा एक, आत सारण वेगळं. बटणांची एक ओळ झाली की तो 'मुलगी' कंपोनंट, तीन मुलींची 'खोली', आणि साठ खोल्यांचं 'होस्टेल'. वरचा मोठा आकडा हा वेगळा कंपोनंट, 'आजची पानं'. मी यासाठी रिअॅक्ट वापरलं, जे फेसबुकने २०१३ मध्ये सगळ्यांसाठी खुलं केलं. २०१४ मध्ये आलेलं व्ह्यू वापरलं असतं तरी चाललं असतं. कल्पना तीच आहे.

कंपोनंट पाडणं सोपं आहे. अवघड प्रश्न पुढे येतो की माहिती ठेवायची कुणाजवळ? बटण लाल आहे की नाही हे बटणाला माहीत असायला हवं. आज किती पानं हे वरच्या आकड्याला माहीत असायला हवं. महिन्याचे खाडे किती हे हिशोबाच्या कंपोनंटला हवं. मग तिघांनी आपापल्याजवळ लिहून ठेवायचं का? ठेवलं की झालंच! बटण म्हणेल लाल, आकडा म्हणेल १५८, हिशोब म्हणेल माझ्या वहीत नाही. म्हणजे पुन्हा रेक्टर मॅडमकडे!

रिअॅक्टमध्ये यावर जी शिस्त सांगतात ती मला होस्टेलच्या नोटीस बोर्डावर लावावीशी वाटते. खरी माहिती एकाच ठिकाणी ठेवा, तिची गरज असलेल्या सगळ्यांच्या वर. तिथून माहिती खाली वाहत जाईल आणि इव्हेंट खालून वर येतील. बटणाने स्वतः काही ठरवायचं नाही. त्याने फक्त वर कळवायचं, "मला दाबलं." वर एक साधी यादी असते, कुठली मुलगी, कुठली तारीख, कुठली वेळ. ती बदलली की बटणाचा रंग, वरचा आकडा आणि महिन्याचं बिल हे तिन्ही त्या यादीवरून नव्याने काढले जातात. एकूण पानं मी कुठेच साठवलेली नाहीत. १८० मधून त्या वेळचे खाडे वजा करून दर वेळी तो आकडा काढला जातो. जे मोजून काढता येतं ते लिहून ठेवायचं नाही, कारण लिहून ठेवलेलं कधी ना कधी खोटं पडतं.

हे मावशींना पटवणं हा एक वेगळाच व्हायव्हा होता. त्या म्हणाल्या, "वही मी सोडणार नाही." त्यांचंही बरोबर होतं, लाइट गेली तर? मग असं ठरलं की वही राहील, पण ती नक्कल म्हणून. रोज रात्री मेस बंद होताना पेजवरून बघून वहीत उतरवायचं, आणि वाद झालाच तर पेज खरं. रेक्टर मॅडमनी त्यावर सही केली. मूळ एकच, बाकी सगळ्या नकला. एवढं ठरायला तीन मीटिंगा झाल्या आणि कोड लिहायला दोन रविवार लागले. यावरून कुठलं काम अवघड होतं ते समजा!

पेजची भाषा मराठीच हवी हे पहिल्या दिवसापासून ठरलेलं होतं, कारण वापरणाऱ्या मुख्य व्यक्ती मावशी. इथे माझ्या इंग्रजी शाळेची परीक्षा होती. मावशी "एकोणसत्तर" म्हणाल्या की मला अजूनही क्षणभर मनात सत्तरमधून एक वजा करावा लागतो. कॉम्प्युटरला मात्र हा त्रास नाही. देवनागरी अक्षरं आणि आकडे १९९१ सालच्या युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीपासून त्यात आहेत. ब्राउझरला 'मराठी, भारत' एवढं सांगितलं की तो आकडे आपोआप १, २, ३ असे दाखवतो, आणि स्वल्पविरामही आपल्या पद्धतीने हजार-लाखावर देतो. एवढंच काय, जावास्क्रिप्टमध्ये व्हेरिएबलचं नावसुद्धा देवनागरीत चालतं. माझ्या कोडमध्ये 'खाडे' नावाची यादी खरोखर आहे. एक्झटर्नल समोर ते उघडायची हिंमत अजून केलेली नाही.

पेज कुठे आहे? लॅबमधून बाद झालेला एक कॉम्प्युटर मॅडमनी मिळवून दिला. तो मेसच्या दारात टेबलावर असतो. फोडणीच्या वाफेपासून वाचावा म्हणून त्याच्या अंगावर प्लॅस्टिकचं कव्हर. खाड्यांची यादी त्याच्या ब्राउझरच्या साठवणीतच राहते. सर्व्हर नाही, इंटरनेट नाही. ब्राउझरची साठवण कुणी साफ केली तर सगळं गेलं, म्हणून रोज रात्री यादी पेन ड्राइव्हवर घेतली जाते. एकीने दुसरीचा खाडा लावून तिला उपाशी ठेवायचा विनोद करू नये म्हणून प्रत्येकीला चार आकडी नंबर दिलाय. बँकेच्या लॉकरइतका तो पक्का नाही, पण होस्टेलातल्या थट्टेला पुरतो.

वेळेचा नियम मावशींचाच. दुपारचा खाडा आदल्या रात्री ९ पर्यंत, रात्रीचा दुपारी ३ पर्यंत. घड्याळ हाही एक इव्हेंटच. ३ वाजले की 'रात्र' बटणं करडी पडतात आणि दाबली जात नाहीत. पहिल्या आठवड्यात ३ वाजून १ मिनिटांनी धापा टाकत आलेल्या मुलींनी माझ्या सात पिढ्यांचा उद्धार केला. पूर्वी मावशींना "मावशी, प्लीज ना" म्हणता यायचं. करड्या बटणाला प्लीज म्हणून काय उपयोग?

आणि मग एका पहाटे माझ्याच शेजारच्या खोलीतल्या मुलीला घरून फोन आला. वडिलांना हॉस्पिटलात हलवलं होतं. ती पाचच्या एसटीने निघून गेली. खाडा मांडायचं भान कुणाला असणार! रात्री मावशी पोळ्या आवरून स्वतः दारातल्या टेबलापाशी आल्या आणि मला म्हणाल्या, "ती पोर पहाटेच गेली ना गं? तिचे खाडे मांड. परत येईपर्यंत मांडत राहा." मी म्हटलं, "मावशी, आजची वेळ टळून गेली, बटणं बंद आहेत." त्या म्हणाल्या, "तुझं यंत्र बंद असेल. मी चालू आहे."

त्या रात्री पेजवर आणखी एक बटण आलं, 'मावशींचा खाडा'. ते फक्त मावशींच्या नंबरने उघडतं आणि कुठल्याही वेळी चालतं. त्या खाड्यापुढे नोंद राहते की हा मावशींनी दिला. कोडच्या दृष्टीने विशेष काही नाही. तोच खाडा-बटण कंपोनंट, फक्त त्याला घड्याळ बघू नकोस असं सांगितलेलं. पण माझ्या मते अख्ख्या पेजवरचं सगळ्यात महत्त्वाचं बटण तेच. नियम यंत्राकडे दिला की तो सगळ्यांना सारखा लागतो, हे चांगलंच आहे. तरी एका माणसाला तो मोडायची मोकळीक हवी, आणि कुणी मोडला ते सगळ्यांना दिसायला हवं.

त्यानंतर मावशींचा उत्साह वाढला. संकष्टी आली तशा म्हणाल्या, "उपासवाल्या किती ते दिसलं तर साबुदाणा बेताने भिजवता येईल." साचा तयारच होता. वेळेच्या जागी 'उपास' घातला आणि वर दुसरा आकडा आला, 'उपास ३४'. दहा मिनिटांचं काम. कंपोनंट कशासाठी पाडायचे असं ज्युनिअर विचारतात, त्यांना मी हेच सांगते. उद्या कुणी काय मागेल ते आज कळत नाही. तेव्हा सगळं उकरावं लागू नये म्हणून.

आता खरं ते सांगते. पेजमुळे सगळे वाद मिटलेले नाहीत. भाजीत बटाटे अजूनही जास्तच असतात. बटण न दाबता गेलेल्या मुली आजही भांडायला येतात आणि त्यांना पैसे मिळत नाहीत. दोनदा तर मुलीच चुकीच्या आणि मावशी बरोबर असं निघालं, तेही सगळ्यांच्या देखत. पण आता वाद "मी सांगितलं होतं" आणि "मी ऐकलं नाही" यावर होत नाही. सांगितलेलं कुणी तरी ऐकलंच पाहिजे, आणि ऐकलेलं एकाच ठिकाणी लिहिलं गेलं पाहिजे, एवढं या पेजने साधलं. त्या फर्स्ट इयरच्या मुलीचे २७० रुपये मात्र गेले ते गेलेच. मागच्या महिन्याला ऐकता येईल असा लिसनर अजून कुणी काढलेला नाही.

ज्यांना हे शिकायचंय त्यांनी एकदम मेसपासून सुरुवात करू नका. एक नोटपॅड आणि एक ब्राउझर पुरे. एक बटण काढा, एक आकडा काढा. बटण दाबलं की आकडा एकने वाढू दे. मग तसंच दुसरं बटण काढा आणि दोघांची बेरीज वर दाखवा. बेरीज कुठे ठेवायची याचा विचार करायला लागलात की तुम्ही शिकायला लागलात. ब्रँच कुठलीही चालेल, मेकॅनिकल आणि सिव्हिलवाल्यांनी लाजू नये.

बॉइज होस्टेलच्या मेसलाही हे पेज हवंय, पण तिथे मुलं जास्त आणि मेस दोन. म्हणजे यादी एका ब्राउझरमध्ये ठेवून चालणार नाही, सर्व्हर लागेल आणि दोन दारांची एक यादी करावी लागेल. ते काम मला एकटीने जमण्यासारखं नाही. कुणाला यायचं असेल तर या. रात्री साडेनऊनंतर मी मेसच्या दारातल्या टेबलापाशीच असते, पेन ड्राइव्ह घेऊन.